आईचे उन्हाळकाम : कुरडई, सांडगे आणि गोधडी



चैत्र लागला, रब्बीचे खळे आटोपले, गहू घरात आला. आता मृगापर्यंत रानात फारसे काम नाही असे आपण म्हणतो. पण घरातल्या बाईला विचारा. तिचा खरा हंगाम आत्ताच सुरू होतो. कुरडया, सांडगे, पापड, शेवया, वर्षाचे तिखट, चिंच फोडणे, आणि दुपारी पाठ टेकायच्या वेळेला गोधडीचे टाके. पेरणी-कापणीबद्दल या पत्रकात आपण नेहमी बोलतो, यंदा या हंगामाबद्दल बोलू. बंधूंनो, बायकांचे काम म्हणून पान उलटू नका. तुमच्यासाठीही यात काम आहे.

माझी आई आता ऐंशीच्या पुढे आहे. डोळ्यांनी अधू झाली, पण चीक शिजला की नाही हे ती अजून वासावरून सांगते. काही वर्षांपूर्वी मी तिच्याशिवाय पहिल्यांदा कुरडया घातल्या. गहू भिजवला, तीन दिवस पाणी बदलले, सगळे तिच्यासारखेच केले असे मला वाटले. चौथ्या दिवशी दुपारी वळीव आला. ओल्या कुरडया घाईने गोळा करून एकावर एक टोपलीत रचल्या आणि वर फडके टाकले. दोन दिवसांनी फडके काढले तर हिरवट ठिपके आणि आंबूस वास. चार किलो गव्हाचे काम उकिरड्यावर गेले. आईला फोन केला तेव्हा तिने एकच विचारले, "भिजवायच्या आधी आभाळ बघितलं होतंस का?"

हे मला कुणी सांगितले नव्हते, कारण तिला ते सांगण्यासारखे वाटलेच नव्हते. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात मी तराजू आणि वही घेऊन तिच्याजवळ बसले. ती मूठभर म्हणाली की मूठ तराजूत टाकायची, ओंजळ म्हणाली की ओंजळ. तिच्या मापात पायली, शेर, चिपटे अजून आहे. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण आईच्या डब्यातले चिपटे काही कुणी काढून नेले नाही. आधी ती चिडली. "असं मोजून कुठं होतं का?" पण दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "लिही, मीठ कमीच घालायचं." त्या वहीतले आता सांगते.

गहू स्वच्छ, भरलेला आणि यंदाचा घ्यावा. लोकवन चालतो. शेवयांना मात्र खपली किंवा बन्सी बरा, तार तुटत नाही. एक गोष्ट कटाक्षाने पाळा. बीजप्रक्रिया केलेले, रंग लावलेले उरलेले बियाणे कितीही धुतले तरी खाण्याचे नाही. पेरणीनंतर पिशवीत चार किलो उरले, वाया कशाला घालवा, असा हिशेब करू नका. कीटकनाशक भुकटी चोळलेला गहूसुद्धा नको. आणि धान्यात घालायच्या धुरीच्या गोळ्या घरात वापरायच्या नाहीतच. त्यांच्या वायूने झोपेत माणसे दगावतात.

आता आभाळाचे. गहू एकदा भिजला की पाच दिवस तुम्ही त्याच्याशी बांधले गेलात. म्हणून भिजवण्याआधी रेडिओवरचा हवामानाचा अंदाज ऐका. वादळी पावसाचा किंवा गारपिटीचा इशारा असेल तर चार दिवस थांबा, गहू कुठे पळून जात नाही. एप्रिल-मे महिन्यांत वळीव दुपारनंतरच जास्त येतो, म्हणून काम पहाटे काढायचे म्हणजे ऊन पुरते मिळते.

गहू संध्याकाळी भिजत घालावा, पाणी वर चार बोटे राहील इतके. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी बदलावे. वैशाखाच्या उष्म्यात एकदाच बदलले तर वास धरतो आणि कुरडई आंबट होते. तीन दिवसांत दाणा इतका मऊ होतो की दोन बोटांत दाबला तर पांढरा चीक बाहेर येतो. ही खूण मिळाली की दिवस मोजायचे काम नाही. थंडी असेल तर चौथा दिवसही लागतो. मग गहू पाणी घालून वाटायचा आणि फडक्यातून गाळायचा. चोथा दोन-तीन वेळा पाण्यात कालवून पुन्हा पिळला तर अडकलेला चीकही निघतो. गाळलेले पाणी रात्रभर हलवायचे नाही. चीक तळाशी घट्ट बसतो, वर पिवळसर पाणी राहते. ते पहाटे अलगद ओतून टाकावे. अंगणातल्या झाडाला घातले तरी चालते.

चोथ्याचे काय? तिखट, मीठ, लसूण, जिरे घालून त्याच्या भुसवड्या करतात, त्या तळून छान लागतात. उरलेला चोथा जनावराला कडब्याच्या कुट्टीत थोडा-थोडाच आणि त्याच दिवशी द्या. आंबलेला गहू एकदम पाटीभर घातला की जनावर फुगते.

चीक जितका, तितकेच पाणी. चार तांबे चीक असेल तर चार तांबे पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळायला ठेवायचे. आईच्या मिठाचे माप एका तांब्याला एक सपाट चमचा निघाले. कच्चा चीक चाखून मीठ ठरवू नका. वाळताना पाणी उडते, मीठ जागेवरच राहते, म्हणून ओले असताना बेताचे लागलेले वाळल्यावर खारट होते. पाण्यात मीठ आणि हिंग घालावा, उकळी आली की चीक बारीक धारेने सोडावा आणि एका हाताने सतत घाटावे. बंधूंनो, तुमचे काम इथे आहे. चीक घट्ट होऊ लागला की घाटायला मनगटात जोर लागतो. आमच्याकडे हे काम वडील करत. सूर्य उगवायच्या आत चुलीपुढे बसत, आणि बैल हाकताना जसे पुटपुटत तसेच पुटपुटत घाटत. गुठळी झाली तर आईचे बोलणे खात.

चीक शिजला हे कसे ओळखावे? पांढरा रंग जाऊन काचेसारखी चमक येते. पाण्यात बुडवलेले बोट लावले तर चिकटत नाही. मग झाकण ठेवून मंद विस्तवावर पाच-दहा मिनिटे वाफ द्यावी. कच्चा राहिला तर कुरडई वाळल्यावर तडकते आणि तळताना फुलत नाही. चीक गरम असतानाच सोऱ्यात भरावा. थंड झाला की दट्ट्या खाली जात नाही, मग रागाने सोऱ्या मोडतो.

पहिली वाटी मात्र मुलांची. गरम चिकावर तूप आणि साखर, किंवा दूध आणि गूळ. माझ्या लहानपणी आम्ही भावंडे चिकाच्या वासाने न उठवता उठत असू. त्या बदल्यात दिवसभर काठी घेऊन कावळे हाकायचे. पण राखणारेच अर्धवट वाळलेल्या कुरडया खात. आईला ते माहीत असायचे. ती चार कुरडया जास्तीच घालायची.

कुरडया कशावर वाळवता हे बघा. युरियाच्या किंवा औषधाच्या रिकाम्या पोत्यांवर, त्यांच्या उसवलेल्या कापडावर खायचे काही पसरू नका. धुतली म्हणून त्यातले विष जात नाही. जुने स्वच्छ धोतर, सुती साडी किंवा खास त्यासाठी ठेवलेला प्लॅस्टिकचा कागद बरा. बाजेवर कापड टाकले तर खालूनही वारा लागतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी उलटवा. पाऊस आलाच तर रचू नका, मी केलेली चूक करू नका. घरात चटईवर एकेक सुटी पसरा, पंखा लावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात टाका. बुरशी दिसली तर ती खरवडून तळू नका, सगळे टाकून द्या. हेच मिरची आणि शेंगदाण्याचे. ओल धरून आलेल्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, ते शिजवून किंवा तळून जात नाही आणि यकृतावर घाला घालते.

कडक वाळलेली कुरडई मोडली तर टचकन मोडते, वाकत नाही. पण उन्हातून उचलून तशीच गरम डब्यात भरू नका. गरम वाळवणाची वाफ झाकणाखाली साचते आणि तीच पुढे ओल होते. रात्रभर सावलीत गार करून, कोरड्या पत्र्याच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावा. पावसाळ्यात मोठा डबा सारखा उघडू नये. महिन्यापुरते लहान डब्यात काढून घ्यावे. पाऊस सरला, ऑक्टोबरचे ऊन पडले की एकदा सगळे पुन्हा उन्हात. जाळे धरणाऱ्या किडीला इतके पुरते.

खरे सांगायचे तर कुरडई ही जिभेची हौस आहे. गव्हातला कोंडा आणि बरेचसे प्रथिन चोथ्यात जाते, हाती राहते ते पीठूळ सत्त्व. तेल चांगले तापले की ते तिपटीने फुलते, पाहुण्यासमोर ताट शोभते. पोटाला आधार देतो तो सांडगा. आषाढात भाजी मिळत नाही, बाजाराला जायला वाट नाही, तेव्हा मूठभर सांडग्यांचा रस्सा घराला पुरतो, आणि त्यात डाळ आहे. आईचे माप असे : एक किलो हरभरा डाळ, पाव किलो मूग डाळ, पाव किलो उडीद डाळ. पाच-सहा तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, जाडसर वाटायची. लसूण, हिरवी मिरची, जिरे, हळद, मीठ, आणि कोहळ्याचा कीस पिळून घ्यायचा. पाणी राहिले तर सांडगा पसरतो. बोराएवढेच घाला. मोठा सांडगा बाहेरून वाळतो आणि आत ओला राहतो, तोच पुढे डब्याची नासाडी करतो. तीन-चार कडक उन्हे द्या, आणि एक फोडून आत बघितल्याशिवाय भरू नका.

पापडाचे काम एकटीचे नाही. उडदाचे पीठ कुटायला, लाट्या करायला, लाटायला शेजारणी लागतात. आज आमच्या घरी, उद्या तुमच्या. तेलात बुडवलेली लाटी खायला गल्लीतली सगळी पोरे जमतात. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचीच पुढे लिज्जत ही मोठी संस्था झाली. तुमच्या गावच्या बचत गटाला हे जमेल. फक्त विक्रीसाठी करायचे तर अन्न नोंदणी करून घ्या, आणि रंग घालू नका.

प्रत्येक मुलखाची रीत वेगळी. खानदेशात ज्वारीचे बिबडे, विदर्भात काड्यांवर वळलेले सरगुंडे, कोकणात फणसपोळी आणि आंबापोळी. आपल्या सासर-माहेरच्या दोन्ही रीती लिहून ठेवा.

दुपारचे ऊन उतरेपर्यंत गोधडी. डोक्यावर ऊन घेऊन काम करण्यापेक्षा हे बरे. जुनी लुगडी, धोतरे धुऊन उन्हात तापवून घ्यावीत. खाली आणि वर मजबूत कापड, मध्ये फाटकेतुटके, पण चुण्या न पडता. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून ताणायचे, आधी लांब टाक्यांनी टाचून घ्यायचे, मग कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचे. नायलॉनची साडी गोधडीत, विशेषतः बाळाच्या गोधडीत, घालू नका. ती घाम शोषत नाही आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते.

आमच्या घरी एक गोधडी आहे, मधोमध विटकरी रंगाच्या लुगड्याची. १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जाई, तेच लुगडे. पुढच्या उन्हाळ्यात घरात भिजवायला गहूच नव्हता, म्हणून कुरडया झाल्या नाहीत, गोधडी मात्र झाली. त्याच्या शेजारी आजोबांच्या पटक्याची पट्टी आहे आणि एका कोपऱ्यात माझ्या धाकट्या भावाचे झबले. त्याचे नाव आई आता क्वचितच काढते. पण गोधडी उन्हात टाकली की हात त्या कोपऱ्यावर जातो. कापड कुणाचे, कुठल्या सालचे, हे टाके घालता घालता विचारा. नुसते समोर बसवून विचारले तर म्हातारी माणसे "काय सांगू" म्हणतात. हातात सुई असली की सांगतात.

रोहिणी लागेपर्यंत, म्हणजे २५ मेच्या सुमारास, सगळे डबे भरून झालेले असावेत. प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी टाका : तारीख, गहू किती, मीठ किती, ऊन किती दिवस. मागच्या वर्षी मी चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा आई म्हणाली, "त्यात लिही, तिसऱ्या दिवशी ढग आलं होतं." मी लिहिले.