नायगावचा पर्यटक कुठे मोजतात?

वसईजवळच्या नायगावहून चर्चगेटला जाणारा लोकलचा पासधारक रोज चाळीसहून अधिक किलोमीटर जातो आणि तेवढंच परत येतो. पर्यटनाच्या हिशेबात तो नाही. त्याच्याच घरची माणसं गणपतीला सावंतवाडीला जाऊन चार रात्री राहिली, की पर्यटक ठरतात. नेहमीच्या वावराबाहेर जायचं, पण तिथे पगारावर राबायला नव्हे, अशी ही आंतरराष्ट्रीय व्याख्या.

रेल्वेचं गणित निराळं. मासिक पास म्हणजे ५० फेऱ्या असं ती सरसकट धरते, मग पासवाला आठवडाभर गावी का असेना.

खर्चाचा थांग लावायला घरोघरी जावं लागतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने हे काम २००८-०९ च्या ६५ व्या आणि २०१४-१५ च्या ७२ व्या फेरीत केलं. सहल, उपचार वा खरेदीसाठीचा प्रवास असेल तर वर्षभराचं विचारायचं, बाकीचा प्रवास असेल तर फक्त ३० दिवसांचं. कारण बारशाला जाताना रिक्षाला किती गेले, हे सहा महिन्यांनी कोण सांगणार? गाडीभाडं, मुक्काम, जेवणखाण, खरेदी असे रकाने एकेक करून भरले जातात. ७२ व्या फेरीत या तीस दिवसांतल्या मुक्कामी प्रवासांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक प्रवास निव्वळ सामाजिक निघाले: लग्न, नातलग, सणवार. मावशीकडे उतरलेला पाहुणा हॉटेलच्या नोंदवहीत दिसत नाही, आणि राज्यांचे पर्यटकांचे आकडे बरेचसे त्याच नोंदवह्यांवर उभे असतात.

आता उलट बाजू, म्हणजे माणसं जातात ती ठिकाणं. कान्हेरी, घारापुरीला पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, म्हणून निदान माणसं मोजता येतात. त्याच खात्याच्या वसई किल्ल्यात कुणीही फुकट शिरतं. जूचंद्रच्या चंडिकादेवीला आलेला भाविक नारळ-फुलं घेतो, वडापाव खातो, रिक्षाने नायगाव स्टेशन गाठतो आणि संध्याकाळी घरी. ना मुक्काम, ना नोंद. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली. तिच्या तिकिटांत किल्ला बघायला निघालेला आणि कामावर निघालेला, दोघे सारखेच.

भाविकाचे ते पैसे हिशेबात आलेच, तर त्याच्या घरी प्रश्नावली पोहोचल्यावर. तिथून मग राज्याचा अंदाज निघतो. तालुक्यापुरतं बोलायला नमुन्यातली घरं फार थोडी. जूचंद्रच्या फुलवालीचा धंदा यात्रेत किती वाढला, हे तूर्त तिच्या गल्ल्यालाच ठाऊक.