शुक्राणू पक्व कसा होतो?

नांदेड जिल्ह्यात, माहूर-किनवटपासून कंधार-मुखेडपर्यंत, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडावर गाय फळली नाही, पुन्हा माजावर आली, की 'गाय उलटली' म्हणून दोष गायीलाच दिला जातो. गावातल्या लाल कंधारी वळूकडे सहसा कोणी पाहत नाही. तो आज तंदुरुस्त दिसतो. पण त्याचे आजचे शुक्राणू भर उन्हाळ्यात घडलेले असतात.

वळूच्या वृषणात शुक्राणू घडायला सुमारे ६१ दिवस लागतात. शरीराच्या इतर पेशींत डीएनएचा धागा हिस्टोन या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. शुक्राणू घडताना बहुतेक हिस्टोन काढून टाकले जातात आणि शेवटी त्यांची जागा प्रोटामीन घेतात. प्रोटामीनचा शोध मीशर यांनी १८७४ मध्ये सामन माशाच्या शुक्राणूंत लावला. त्यातील जवळजवळ निम्मी अमिनो आम्ले आर्जिनीन असतात. आर्जिनीनवर धन, तर डीएनएवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे धागा घट्ट आवळला जातो आणि प्रवासात सुरक्षित राहतो. मात्र आवळलेला डीएनए 'वाचता' येत नाही; म्हणून नवी प्रथिने बनवणे जवळजवळ थांबते.

वृषणातून निघालेला शुक्राणू दिसायला पूर्ण असला, तरी त्याला नीट पोहता येत नाही. पुढे अधिवृषणाच्या लांबलचक नळीतून तो दीड आठवडा सरकतो. तिथे नळीच्या भिंतीतून पाझरलेली प्रथिने त्याच्या पृष्ठभागावर चिकटतात, काही जुनी गळतात आणि प्रोटामीनच्या रेणूंमध्ये गंधकाचे बंध तयार होऊन गाठ पक्की होते. शेवटचा टप्पा गायीच्या जननमार्गात पार पडतो. तिथे पृष्ठभागावरची काही प्रथिने निघून जातात आणि मगच शुक्राणू अंडपेशीत शिरू शकतो. हे चँग आणि ऑस्टिन यांनी १९५१ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले.

वृषणाचे तापमान शरीरापेक्षा चार-पाच अंशांनी कमी असावे लागते. ते वाढले, तर प्रोटामीनची बांधणी सैल राहू शकते. शुक्राणूला नवी प्रथिने बनवता येत नसल्याने ही चूक त्याला नंतर दुरुस्त करता येत नाही.

म्हणून वळूला एप्रिलपासूनच सावली आणि भरपूर पाणी हवे. गाय उलटली, तर विद्यार्थ्यांना दिनदर्शिकेवर सुमारे सत्तर दिवस मागे मोजायला सांगा. तेव्हा ऊन कसे होते?