भारोद्वहनजन्य कटिशूल : मात्रेचा विचार

वजन उचलताना कंबर धरली, ही तक्रार पूर्वी बहुधा हमाल, शेतकरी किंवा गोदामातील कामगार घेऊन येत असे. आता त्यांच्या जोडीला व्यायामशाळेत जाणारा तरुणवर्गही आपल्या चिकित्सालयांत व औषधालयांत मोठ्या संख्येने येतो. दोघांनाही आपण बहुधा तेच देतो : गुग्गुळाच्या गोळ्या, तेलाची बाटली, कमरेचा पट्टा आणि ‘यापुढे वजन उचलू नका’ हा सल्ला. हमालाचे पोट या सल्ल्यावर भरत नाही, आणि तरुण वेदना थांबताच पूर्वीच्याच वजनाला हात घालून पुन्हा आपल्या दारी येतो. भार हेही औषधासारखेच एक द्रव्य आहे व त्यालाही मात्रा, काल आणि प्रकृती पाहावी लागते, या दृष्टीने या विषयाकडे पाहावे, असे आम्ही सुचवितो.

हेतुविचार

चरकाचार्यांनी क्षतक्षीणाच्या हेतूंत अतिभार उचलणे स्पष्टपणे सांगितले आहे. अतिव्यायाम हा वातप्रकोपाचा हेतू तर सर्वज्ञातच आहे. व्यायामाची मर्यादा म्हणून संहिताकारांनी अर्धशक्ती सांगितली. मुखाने श्वास सुरू होणे, कपाळ, काख व सांधे यांवर घाम येणे ही तिची लक्षणे. येथे एक बाब ध्यानात घ्यावी. ही लक्षणे सातत्याने चालणाऱ्या व्यायामात दिसतात. एकाच झटक्यात ऐंशी किलो उचलणाऱ्याला घाम येण्यापूर्वीच इजा होऊन जाते. म्हणून भारोद्वहनात अर्धशक्तीचे लक्षण निराळे धरावे : कमरेची ढब बिघडू लागली, पाठीला बाक आला किंवा वजन झटका देऊन उचलावे लागले, की मात्रा संपली. आणखी दोन-तीन वेळा उचलता येईल इतके बळ शिल्लक असतानाच थांबणे, ही या व्यायामातील अर्धशक्ती होय.

इजेचे कारण केवळ वजनात नसते. वीस किलोची गोणी शरीरापासून पंचवीस सेंटीमीटरवर असता कमरेवर तिचा जो बलाघूर्ण पडतो, तो ती पन्नास सेंटीमीटरवर गेल्यास दुप्पट होतो. कंबर वाकवून त्याच वेळी पिळणे अधिक घातक. कालाचेही तसेच. रात्रीच्या विश्रांतीत मणक्यांमधील चकत्या जल शोषून फुगलेल्या असतात. उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात वाकले असता त्यांवर दिवसाच्या मानाने अधिक ताण येतो. पहाटे उठल्याबरोबर वजने उचलणाऱ्यास हे अवश्य सांगावे.

रुग्णपरीक्षण

कटिग्रह व गृध्रसी यांचा भेद प्रथम करावा. वेदना नितंबातून मांडी, पोटरी व पायापर्यंत उतरते काय, पाय सरळ उचलता वाढते काय, हे पाहावे. रुग्णास टाचांवर आणि चवड्यांवर चालावयास सांगावे. एका बाजूचे दौर्बल्य लगेच कळते.

मूत्रप्रवृत्ती अडणे किंवा मल-मूत्रावरील ताबा जाणे, गुद व जननेंद्रियाभोवती बधिरता येणे, दोन्ही पायांतील बळ घटणे, यांपैकी एकही लक्षण असल्यास तेल, स्वेद, बस्ती काहीही न करता रुग्णास तत्काळ शल्यचिकित्सेची सोय असलेल्या रुग्णालयात धाडावे. येथे काही तासांचा विलंबही आयुष्यभराचे वैकल्य देऊ शकतो. कुकुंदर मर्माच्या आघाताने अधःकायात स्पर्शज्ञान व चेष्टा नष्ट होतात, असे सुश्रुताचार्यांनी सांगितले आहे, त्याचे येथे स्मरण व्हावे. ज्वर, वजन घटणे, पूर्वीचा अर्बुदाचा इतिहास, दीर्घकाळ स्टेरॉइडचे सेवन, तसेच वृद्धांस किरकोळ भाराने आलेली तीव्र वेदना, यांतही तपासणी आधी, चिकित्सा नंतर.

चिकित्साक्रम

पहिले दोन-तीन दिवस वेदना वाढविणाऱ्या हालचाली टाळाव्यात. मात्र रुग्णास अंथरुणास खिळवू नये. सन १९८६ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात सात दिवसांच्या शय्याविश्रांतीने दोन दिवसांहून अधिक लाभ दिसला नाही. १९९५ मधील फिनलंडच्या अभ्यासात तर झेपेल तितके नित्यकर्म चालू ठेवणारेच लवकर बरे झाले. या काळात जोराचे मर्दन वर्ज्य. साम लक्षणे असता वालुकास्वेद, अन्यथा मृदू स्नेहन व नाडीस्वेद. कोष्ठशुद्धीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मलप्रवृत्तीच्या वेळी कुंथल्याने वेदना वाढते. शुंठीक्वाथासह एरंडस्नेह बल पाहून द्यावा, गर्भिणीस देऊ नये.

पुढे अवस्थेनुसार त्रयोदशांग किंवा योगराज गुग्गुळ, रास्नासप्तक क्वाथ, कटिबस्ती व बस्तिकर्म यांची योजना करावी. त्याबरोबरच चालणे वाढवावे. सेतुबंधासन, तसेच पायातील वेदना वाढत नसल्यास भुजंगासन सुरू करावे. कंबर सरळ ठेवून कटिसंधीतून वाकण्याचा सराव पाठीशी काठी धरून करवून घ्यावा.

यानंतरचा टप्पा म्हणजे भाराचे पुनरारोपण, आणि तोच आपल्याकडून बहुधा सुटतो. संसर्जनक्रमात आपण पेयेपासून हळूहळू नित्याच्या आहारावर येतो. भाराचेही तसेच करावे. पूर्वीच्या वजनाच्या चतुर्थांशापासून, जमिनीऐवजी गुडघ्याच्या उंचीवरून आरंभ करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी वेदना वाढलेली नसेल तरच पुढील आठवड्यात थोडी वाढ. वाढली असल्यास एक पायरी मागे.

औषधालयचालकांस

कमरेचा पट्टा हा आपल्या दुकानातील नित्य खपाचा माल. तथापि सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील दुकानांत माल हाताळणाऱ्या हजारो कामगारांवरील अभ्यासात पट्ट्याच्या वापराने कटिशूल किंवा कमरेच्या इजा कमी झाल्या नाहीत. वेदनाकाळात थोडे दिवस आधार म्हणून तो द्यावा. ‘हा बांधा आणि हवे तेवढे उचला’ असे म्हणून देऊ नये. गुग्गुळ वा तेल मागणाऱ्यास निदान तीन प्रश्न विचारावेत : वेदना पायात उतरते काय? लघवी नीट होते काय? इतर कोणती औषधे चालू आहेत? पहिल्या दोहोंच्या उत्तरात शंका आल्यास औषध बाजूला ठेवून वैद्याकडे किंवा रुग्णालयात पाठवावे.

आणि हे पथ्य स्वतःच्या गोदामातही पाळावे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या भाराची कमाल मर्यादा ५५ किलो आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेच्या १९९१ च्या सूत्रात अनुकूल परिस्थितीतही २३ किलोच धरले आहेत. वनस्पतींची पोती लहान बांधून घेणे, हातगाडी ठेवणे, जड माल जमिनीवर न ठेवता कमरेच्या उंचीच्या फळीवर ठेवणे, एवढ्याने कामगाराची कंबर वाचते. ज्या घरातून कटिशूलाची औषधे बाहेर पडतात, त्याच घरात कटिशूल उत्पन्न होऊ नये, ही दक्षता आपण सर्वांनी घ्यावी, अशी आमची विनंती आहे.