बदलीवाला आणि चुकलेली हाक

गिरणीत बदलीवर काम केलेल्या श्रोत्यांना हा प्रकार ठाऊक असेल. माणूस खिडकीशी जाऊन विचारतो, "आज काम आहे का?" उत्तर येते, "नाही." तो वळून झाडाखाली बसायला निघतो. तेवढ्यात आतून त्याचे नाव पुकारले जाते. तो अजून वाटेतच असतो, आणि हाक दुसऱ्यांदा मारण्याची रीत नसते. मग दिवसभर तो बाहेर वाट पाहतो आणि आत माग बंद राहतो. दोष विचारणे आणि वाट पाहत बसणे या दोहोंमधल्या फटीचा आहे.

संगणकात अनेक कामे एकाच वेळी चालतात तेव्हा हेच घडते. फट क्षणभराची, म्हणून हजारदा चालवून पाहिले तरी चूक दिसेलच असे नाही. यासाठी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील जेरार्ड होल्झमन यांनी 'स्पिन' हे साधन केले. 1991 पासून ते सर्वांना उपलब्ध आहे. मूळ प्रोग्रामचा लहानसा नमुना 'प्रोमेला' भाषेत लिहून त्याला द्यायचा. कामे एकमेकांना निरोप पाठवतात ते 'चॅनल'मधून. चॅनलची क्षमता शून्य ठेवली, तर देणारा-घेणारा दोघेही हजर असल्याखेरीज व्यवहार होत नाही. पाच ठेवली, तर ती टपालपेटी झाली: पाच पत्रे टाकून माणूस निघून जाऊ शकतो, सहाव्याला मात्र थांबावे लागते. मग स्पिन कोण आधी, कोण नंतर असे सारे क्रम धुंडाळते, आणि काम अडकले तर तो क्रम पावलापावलाने मांडून दाखवते. मला हे फार आवडते. "असे होऊच शकत नाही" म्हणणाऱ्या साहेबासमोर पुरावाच ठेवता येतो! अर्थात क्रम भराभर वाढतात, म्हणून नमुना लहान ठेवावा लागतो.

1997 साली नासाच्या संशोधकांनी 'डीप स्पेस वन' यान स्वतःच्या बुद्धीने चालवणाऱ्या प्रोग्रामचा एक भाग असा तपासला. पाच चुका निघाल्या. त्यांत आपला बदलीवालाही होता: नवी घटना घडली का हे पाहून काम झोपायला निघाले, आणि मधल्या क्षणी घटना घडून गेली. ती चूक दुरुस्त झाली. पण मे 1999 मध्ये, यान अवकाशात असताना, प्रोग्रामची दोन कामे परस्परांची वाट पाहत अडकली. चूक त्याच जातीची, पण नमुन्यात न घेतलेल्या भागातली. जमिनीवरच्या चाचण्यांत ती कधी दिसली नव्हती. प्रयोग थांबवावा लागला. पुन्हा सुरू करून तो त्याच आठवड्यात पार पडला.

उपाय खिडकीवरचाच आहे. विचारणे आणि वाट पाहणाऱ्यांत नाव लिहिणे ही एकच अखंड क्रिया करायची, आणि ती पुरी होईतो आतून कोणी हाक मारायची नाही.