गच्चीवरचे विमान

मुंबईच्या कांदिवली उपनगरात चारकोप नावाची वस्ती आहे. तेथील एका पाच मजली इमारतीच्या गच्चीवर, २०१० नंतरच्या काही वर्षांत, एक विमान आकार घेत होते. ते खेळण्यातले विमान नव्हते, की शोभेसाठी केलेली प्रतिकृती नव्हती. सहा माणसांना घेऊन उडावे अशा बेताने बांधलेले ते एका इंजिनाचे खरेखुरे विमान होते. ते बांधणारे अमोल यादव हे जेट एअरवेज या कंपनीत वैमानिक होते. विमान चालवण्याचे शिक्षण त्यांनी अमेरिकेत घेतले होते. तेथे हौशी माणसे घरच्या गॅरेजमध्ये छोटी विमाने बांधतात, त्यांची रीतसर नोंदणी करतात आणि ती उडवतातही. आपल्याकडे ही प्रथा नव्हती. यादव यांनी १९९८ च्या सुमारास या कामाला आरंभ केला. आधीचे दोन प्रयत्न तडीस गेले नाहीत. गच्चीवरचा हा तिसरा प्रयत्न होता आणि विमानाचे नाव होते टीएसी-००३.

लेथ, काँप्रेसर, वेल्डिंगची यंत्रे आणि परदेशातून आणवलेले सुमारे १८० किलो वजनाचे इंजिन हे सगळे सामान इमारतीच्या अरुंद जिन्यातून वर चढवावे लागले. कुटुंबाची पुंजी या कामात पडली. मदतीला काही कारागीर होते. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या गच्चीवर असे काम करणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी लोखंडाला गंज चढताना पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

विमान म्हटले की आपल्या मनात प्रचंड कारखाना उभा राहतो. मात्र जगातले पहिले यशस्वी विमान सायकलींच्या दुकानात बांधले गेले. अमेरिकेतील डेटन या गावी ऑर्व्हिल आणि विल्बर राइट या बंधूंचे सायकलींचे दुकान होते. विमानाच्या पंखांचा मधला भाग जोडून झाला तेव्हा त्याने दुकानातली वाटच अडवली. गिऱ्हाईक आले की मागे काम करणाऱ्याला बाजूच्या दाराने बाहेर पडून, वळसा घालून पुढे यावे लागे. पुढे ते विमान सुट्या भागांच्या रूपाने किटी हॉक या समुद्रकाठच्या गावी नेण्यात आले आणि तेथे जोडण्यात आले. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. ते १२ सेकंदांचे होते आणि त्यात सुमारे ३७ मीटर अंतर कापले गेले.

मराठी वाचकाला येथे शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव आठवेल. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, अशी कथा सांगितली जाते. त्या उड्डाणाचा विश्वास ठेवण्याजोगा समकालीन पुरावा मात्र पुढे आलेला नाही. विमानाच्या बाबतीत अशा पुराव्याला फार महत्त्व असते. कोणी काय बांधले, त्याचे वजन किती भरले, ते कोठे आणि किती वेळ उडाले, हे लिहून ठेवलेले असावे लागते. गच्चीवरच्या विमानालाही पुढे याच कसोटीला उतरावे लागले.

छोट्या विमानाची रचना समजायला अवघड नाही. त्याच्या पंखात एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जाणारी एक मजबूत तुळई असते. तिला स्पार म्हणतात. घराच्या छपराचा भार जसा आढ्यावर येतो, तसा उडत्या विमानाचा सारा भार या तुळईवर येतो. तिच्यावर ठरावीक अंतराने फासळ्या बसवतात. पंखाचा वरून फुगीर, खालून जवळजवळ सपाट असा आकार या फासळ्यांमुळे येतो. त्यांवर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा चढवून तो हजारो रिव्हेटांनी जखडतात. पत्र्याला भोक पाडल्यावर त्याच्या कडेला राहिलेली बारीकशी कूस कानशीने साफ करावी लागते. ती राहिली, तर तेथून केसासारखी चीर सुरू होते आणि इंजिनाच्या थरथरीने ती वाढत जाते. मोटारीच्या पत्र्याला चीर पडली तर ती पुढच्या महिन्यात दुरुस्त करता येते. विमानाच्या बाबतीत तेवढी सवड मिळेलच असे नाही. म्हणून तेथे साधा नटदेखील नुसता आवळून सोडत नाहीत. तो आपोआप सैल होऊ नये म्हणून त्यात पिन घालतात किंवा त्याला तार पिळून बांधतात.

मजबुतीइतकेच महत्त्व वजनाच्या वाटणीला असते. विमान पुरे झाले की त्याच्या तिन्ही चाकांखाली तीन काटे ठेवून त्याचे वजन करतात. समजा, एका विमानाच्या पुढच्या चाकाखालचा काटा १५० किलो दाखवतो आणि मागच्या दोन चाकांखालचे काटे प्रत्येकी ४२५ किलो दाखवतात. एकूण वजन १००० किलो झाले. पुढच्या चाकापासून मागची चाके दोन मीटरवर असतील, तर ८५० ला २ ने गुणून १००० ने भागायचे. उत्तर येते १.७ मीटर. म्हणजे या विमानाचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकाच्या मागे १.७ मीटरवर आहे. दोरीने तेथे टांगले, तर विमान तराजूच्या दांडीसारखे समतोल राहील. आता पुढच्या चाकापासून तीन मीटरवर, मागच्या आसनावर, ८० किलो वजनाचा माणूस बसला असे धरा. गुरुत्वमध्य जवळजवळ १० सेंटिमीटर मागे सरकतो. एवढीशी वीत-अर्धी वीत, पण ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली तर विमानाचे नाक वर उचलले जाते, वेग पडतो आणि वैमानिकाने दांडा कितीही पुढे ढकलला तरी ते सावरत नाही. बाजारात पोती लादणारा हमाल हातगाडीचा भार चाकाच्या पुढे-मागे सारखा करतो, त्यामागेही हेच गणित आहे. फरक इतकाच, की हातगाडी उलटली तर पोती पडतात.

घरी विमान बांधणाऱ्यापुढची खरी अडचण मात्र विमान पुरे झाल्यावर सुरू होते. छोट्या विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा-अकरा मीटर भरतात. महामार्गावरची एक मार्गिका साडेतीन मीटर रुंद असते, आणि गल्लीबोळांचे तर बोलायलाच नको. म्हणून जाणता बांधणारा पहिला पत्रा कापण्याआधीच आपल्या दाराचे माप घेतो आणि पंख धडापासून सहज सुटे करता येतील अशी जोडणी ठेवतो. जिन्याने वर गेलेले सामान सुटे होते. तयार विमान जिन्याने उतरणार नव्हते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला. तेथे हे विमान नेण्याचे ठरले. यादव यांनी ते सुटे केले, त्याचे भाग क्रेनने गच्चीवरून खाली उतरवले गेले आणि शहरातून नेऊन प्रदर्शनस्थळी पुन्हा जोडले गेले. लोकांनी विमान पाहिले, छायाचित्रे काढली. कांदिवलीच्या गच्चीवर काय चालले आहे, हे त्या आठवड्यात देशाला कळले.

विमान सुटे करणे हे पलंगाचे खिळे काढण्यासारखे काम नाही. पंखातून इंधनाच्या नळ्या जातात, दिव्यांच्या तारा जातात आणि नियंत्रणाच्या दोऱ्या किंवा दांड्याही जातात. प्रत्येक जोडाला चिठ्ठी बांधावी लागते. कोणता बोल्ट कोणत्या भोकातला, हे लिहून ठेवावे लागते. इंधन आधीच काढून टाकावे लागते. उचलताना पट्टा फासळी असेल तेथेच घालावा लागतो, नाहीतर मधला पत्रा चेपतो. पुन्हा जोडल्यावरची तपासणी त्याहून मोलाची. वैमानिकाने दांडा उजवीकडे कलवला की उजव्या पंखाच्या मागच्या कडेची झडप वर आणि डाव्या पंखाची खाली जायला हवी. दोऱ्या उलट जोडल्या गेल्या तर जमिनीवर काहीच बिघडलेले दिसत नाही. झडपा हलतात, फक्त उलट दिशेने हलतात. ही चूक हवेत लक्षात आली तर सुधारायला वेळ उरत नाही. म्हणून ही तपासणी जोडणाऱ्याने एकदा आणि दुसऱ्याच कोणीतरी एकदा करावी, असा शहाणा रिवाज आहे.

यानंतरचा रस्ता दिल्लीकडे जातो. भारतातील प्रत्येक नागरी विमानाची नोंदणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते. त्याचे मुख्यालय दिल्लीत अरबिंदो मार्गावर, सफदरजंग विमानतळासमोर आहे. सफदरजंग हे दिल्लीचे सर्वांत जुने विमानतळ. १९२९ मध्ये ते विलिंग्डन या नावाने सुरू झाले आणि उत्तर भारतातल्या कित्येक हौशी वैमानिकांनी तेथेच पहिले धडे गिरवले. यादव यांच्या विमानाचे कागद ज्या नियमांखाली तपासले गेले, ते नियम १९३७ चे होते आणि त्यांच्या मुळाशी १९३४ चा विमान कायदा होता. त्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे.

परवानगीचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. यात सगळा दोष सरकारी सावधगिरीचा म्हणता येणार नाही. बंद पडलेली मोटार रस्त्याच्या कडेला लावता येते. विमान बंद पडले तर ते कोणाच्या तरी छपरावर येऊ शकते, आणि त्या घरातल्या माणसांनी विमान बांधण्याचा धोका पत्करलेला नसतो. त्यांच्या वतीने कोणीतरी प्रश्न विचारलेच पाहिजेत. परंतु प्रश्न विचारणे वेगळे आणि उत्तर कोणत्या रीतीने द्यायचे हेच ठरलेले नसणे वेगळे. अमेरिकेत हौशी बांधणाऱ्यांची संघटना १९५३ पासून आहे. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग स्वतः बांधलेला असावा, त्याची नोंद ठेवावी, तपासणी करून घ्यावी आणि ठरवून दिलेल्या क्षेत्रात आधी काही तास उडवून दाखवावे, असा तेथे मळलेला मार्ग आहे. आपल्याकडे एका माणसाला विमानाबरोबर तो मार्गही तयार करावा लागला, ही गोष्ट सोपी नव्हती.

महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हा प्रश्न पंतप्रधानांपर्यंत नेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये विमानाची नोंदणी झाली. भारतीय विमानांच्या नोंदणीचिन्हाची सुरुवात ‘व्हीटी’ या अक्षरांनी होते. यादव यांनी पुढची अक्षरे ‘एनएमडी’ अशी घेतली, ती नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून. तरीही नोंदणी म्हणजे उडण्याची परवानगी नव्हे. मुलाचा जन्मदाखला मिळाला म्हणून त्याला वाहन चालवण्याचा परवाना मिळत नाही, तसेच हे. उड्डाणाची परवानगी हाती यायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. मधल्या काळात, एप्रिल २०१९ मध्ये, यादव ज्या कंपनीत नोकरीला होते ती जेट एअरवेज बंद पडली होती.

विमानाचा मुक्काम आता धुळ्याला होता. धुळ्याजवळ गोंदूर येथे धावपट्टी आहे आणि ती वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाते. मुंबईच्या विमानतळावर मिनिटामिनिटाला मोठी विमाने उतरतात, तेथे अशा नव्या विमानाच्या चाचणीला जागा कोठून मिळणार? चाचणीला मोकळी धावपट्टी, आजूबाजूला विरळ वस्ती आणि विमान ठेवायला हँगर लागतो.

हँगर म्हणजे विमानाचा गोठाच. पत्र्याचे उंच छप्पर, पुढे सरकते रुंद दार आणि आत एकही खांब नसलेली मोकळी जागा, एवढेच त्याचे रूप असते. त्यावाचून विमानाचे फार हाल होतात. समुद्रकाठी खारा वारा ॲल्युमिनियम खातो. दिल्लीच्या बाजूला मे-जून महिन्यांत धुळीची वादळे येतात, तेव्हा उघड्यावर ठेवलेले हलके विमान दोरांनी जमिनीला बांधले नाही तर जागचे उचलले जाऊ शकते. शत्रू नेहमी मोठाच असतो असेही नाही. विमानाचा वेग मोजण्यासाठी पंखाबाहेर एक बारीक नळी असते. कुंभारमाशीला ती घरासाठी फार सोयीची वाटते. तिने मातीचा एक गोळा आत बसवला, की वैमानिकासमोरचा वेगाचा काटा खोटे बोलू लागतो. म्हणून विमान हँगरमध्ये असले तरी त्या नळीवर टोपण घालतात आणि त्याला लांब लाल फीत बांधतात, म्हणजे उडण्यापूर्वी ते काढायचे विसरत नाही.

नवे विमान एकदम उडवीत नाहीत. आधी इंजिन जागेवरच चालवून पाहतात. मग विमान धावपट्टीवर माणसाच्या चालीने नेतात, नंतर थोड्या वेगाने, नंतर उडण्याच्या वेगाच्या जवळ नेऊन पुन्हा थांबवतात. प्रत्येक वेळी हँगरमध्ये आणून झाकणे उघडतात. तेल कोठे गळते का, कोणता बोल्ट हलला का, ब्रेक किती तापले, हे पाहतात आणि वहीत लिहितात. या कामात दिवस जातात आणि बघ्यांचा विरस होतो. पहिल्या उड्डाणात विमान फार दूर नेत नाहीत, कारण इंजिनाने दगा दिला तरी धावपट्टी आवाक्यात राहावी.

ऑगस्ट २०२० मध्ये, साथीच्या त्या वर्षी, कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेले विमान धुळ्याच्या धावपट्टीवरून वर उचलले गेले आणि सुखरूप परत उतरले. चाचण्यांचा तो पहिला टप्पा होता.