रुग्णनोंदींचा चिकित्सक वाचक

रुग्णावर झालेले उपचार आणि त्या उपचारांची कागदोपत्री राहिलेली नोंद यांत पुष्कळदा अंतर असते. हे अंतर कमी करण्याचा एक स्वतंत्र व्यवसाय अमेरिकेत उदयास आला असून त्यास 'क्लिनिकल डॉक्युमेंटेशन इम्प्रूव्हमेंट' असे म्हणतात. सोयीसाठी आपण त्याला नोंद-सुधारणा म्हणू.

या व्यवसायाचे मूळ १९८३ सालच्या एका बदलात आहे. वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विमायोजनेने त्या वर्षी प्रत्यक्ष खर्चानुसार रुग्णालयांना पैसे देण्याची रीत सोडली आणि रुग्ण ज्या निदानगटात बसेल त्या गटासाठी पूर्वनिश्चित रक्कम देण्यास आरंभ केला. हे गट येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांनी तयार केले होते. २००७ मध्ये गटांची फेररचना होऊन आजाराच्या तीव्रतेला अधिक वजन प्राप्त झाले, आणि डॉक्टरांच्या लेखणीतून उतरणाऱ्या एकेका शब्दाला मोल आले.

निदानाला संकेतांक देणाऱ्या कोडरला स्वतः निदान करण्याचा अधिकार नसतो. समजा, रुग्णाच्या रक्तातील सोडियम १२२ पर्यंत उतरले, त्यावर उपचारही झाले, परंतु 'हायपोनेट्रेमिया' हा शब्द डॉक्टरांनी कोठेच लिहिला नाही; तर संकेतांकांच्या दृष्टीने तो विकार झालाच नाही. सोडियमपुढे खाली वळलेला बाण काढून भागत नाही. (डॉक्टरमंडळींना हा बाण फार प्रिय!) याहून बिकट प्रकार 'युरोसेप्सिस' या शब्दाचा. कोणी तो साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी वापरतात, तर कोणी त्या संसर्गातून उद्भवलेल्या, जिवावर बेतणाऱ्या सेप्सिससाठी. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेत लागू असलेल्या संकेतावलीत या शब्दाला संकेतांकच नाही. अर्थ कोणता, हे डॉक्टरांनाच विचारावे लागते.

हे विचारणे हाच या व्यवसायाचा गाभा आहे. 'कृपया सेप्सिस लिहावे' असे सुचविणे निषिद्ध आहे. रुग्णाचा ताप, नाडी, रक्ततपासणी ही लक्षणे मांडून, संभाव्य पर्यायांबरोबर 'अन्य' आणि 'सांगता येत नाही' हेही पर्याय ठेवावे लागतात. पैशांचा उल्लेखही करावयाचा नसतो. या क्षेत्रातील दोन प्रमुख संघटनांनी २०१३ मध्ये याविषयी संयुक्त मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि पुढे ते वेळोवेळी सुधारले. सरकारकडे खोटी मागणी करणाऱ्यांविरुद्धचा, १८६३ साली यादवी युद्धाच्या काळात झालेला कायदा येथेही लागू पडतो. उलट प्रसंगही येतात. निदान लिहिलेले असते, पण त्याला आधार देणारी लक्षणे नोंदीत सापडत नाहीत. तेथे प्रश्न विचारल्याने रुग्णालयाचे उत्पन्न घटू शकते. कार्यकर्त्याच्या सचोटीची खरी पारख अशाच प्रश्नांतून होते, असे आमचे मत आहे.

या क्षेत्रात येणाऱ्यांमध्ये बहुसंख्य अनुभवी परिचारिका असतात. काही कोडर असतात. परदेशांत शिकलेले, परंतु अमेरिकेत वैद्यकीय परवाना नसलेले डॉक्टरही असतात. त्यांत भारतीय पदवीधर आहेत. परिचारिकेला रोग कळतो, पण संकेतांकांचे नियम नवे असतात. कोडरची गोष्ट नेमकी उलटी. ज्याची जी बाजू उणी, तिच्यापासून त्याने अभ्यासास आरंभ करावा. प्रमाणपत्राच्या मागे प्रथमच धावण्यात अर्थ नाही, कारण सीसीडीएस या मान्यताप्राप्त परीक्षेला बसण्यासाठी प्रत्यक्ष कामाचा साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो.

आरंभीचे महिने जाणत्या सहकाऱ्याच्या देखरेखीखाली जातात. रुग्ण खाटेवर असतानाच त्याची नोंद रोज वाचावयाची, कालच्या आणि आजच्या मजकुरातील विसंगती हेरावयाची. उमेदवार यात लवकर तयार होतो. दमलेल्या शल्यचिकित्सकाकडे जाऊन, त्याच्या ज्ञानाविषयी शंका न दाखविता, 'आपण लिहिलेल्या या शब्दाचा अर्थ कोणता?' असे विचारणे मात्र त्याला पुष्कळ काळ जड जाते.