आर्डुइनोशी ब्लूटूथ बोलेना? तपासणीचा क्रम

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री अनेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारा हा प्रसंग. आर्डुइनो उनोवर प्रोग्राम चढवलेला असतो, एचसी-०५ या ब्लूटूथ मॉड्यूलचा दिवा लुकलुकत असतो, मोबाइलशी जोडणीही होते; परंतु सिरियल मॉनिटरवर एकतर काहीच उमटत नाही किंवा अगम्य चिन्हे उमटतात. मॉड्यूल निकामी झाले असे समजून नवे आणले जाते आणि तेही तसेच वागते. वस्तुतः मोबाइलशी जोडणी होत असेल तर मॉड्यूलला वीज मिळत आहे आणि त्याचा रेडिओ चालू आहे, एवढे सिद्धच झालेले असते. दोष शोधायचा तो मॉड्यूल आणि उनो यांच्यामधील तारांत व प्रोग्राममध्ये.

सिरियल संवादात प्रत्येक दिशेला एकच तार असते. घड्याळाचा संकेत देणारी वेगळी तार नसल्यामुळे दोन्ही बाजूंनी वेग आधीच ठरवून घ्यावा लागतो; त्यालाच बॉड रेट म्हणतात. ९६०० या वेगात एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. ऐकणाऱ्याने दुसराच वेग धरला, तर अक्षरांची चिन्हे होतात. म्हणून लक्षणावरून निदान करावे: पूर्ण शांतता असेल तर प्रथम तारा पाहाव्यात, अगम्य चिन्हे असतील तर प्रथम वेग.

तारांची तपासणी करताना एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला जोडला आहे ना, हे पाहावे; बोलणाऱ्याचे तोंड ऐकणाऱ्याच्या कानाशी हवे. त्यानंतर दोन्हींचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले असल्याची खात्री करावी. मॉड्यूलला वेगळी बॅटरी दिली असेल, तर ही तार हमखास राहून जाते.

उनोच्या ० आणि १ या पिन यूएसबीशी सामायिक आहेत. त्यांवर मॉड्यूल जोडलेले असताना प्रोग्राम चढवताना अडथळा येतो. ‘सॉफ्टवेअर सिरियल’ वापरून १० ही पिन ऐकण्यासाठी व ११ ही पाठवण्यासाठी घेणे सोयीचे. मात्र त्यावर ९६०० सारखा माफक वेगच ठेवावा.

व्होल्टेजची बाब मात्र खरोखर नुकसान करू शकते. एचसी-०५ च्या बाजारात मिळणाऱ्या बोर्डाला वीज ५ व्होल्टची चालते; पण त्याची आरएक्स पिन ३.३ व्होल्टची असते आणि उनो ५ व्होल्टचा संकेत पाठवतो. उनोची ११ क्रमांकाची पिन व मॉड्यूलचा आरएक्स यांच्यामध्ये १ किलोओहमचा आणि आरएक्स व ग्राउंड यांच्यामध्ये २ किलोओहमचा रेझिस्टर लावल्यास संकेत सुमारे ३.३ व्होल्टवर येतो. उलट दिशेला काही लावावे लागत नाही.

मॉड्यूलच्या आज्ञांना उत्तर येत नसेल, तर आणखी एक गोम असते. नेहमीच्या स्थितीत एचसी-०५ चा वेग बहुधा ९६०० असतो. बटण दाबून धरून वीज दिल्यावर ते आज्ञा स्वीकारण्याच्या स्थितीत जाते, दिवा संथपणे लुकलुकतो आणि वेग ३८४०० होतो. सिरियल मॉनिटरमध्ये ‘एनएल आणि सीआर’ हा ओळसमाप्तीचा पर्याय निवडून ‘एटी’ पाठवावे. ‘ओके’ आले, तर मॉड्यूल ठणठणीत आहे.

उनोवरच शंका असेल, तर बाकी सर्व तारा काढाव्यात, रिसेट पिन ग्राउंडला जोडावी आणि ० व १ या पिन एकमेकींना जोडाव्यात. सिरियल मॉनिटरमध्ये टंकलेले अक्षर जसेच्या तसे परत आले, तर केबल आणि यूएसबीचा मार्ग निर्दोष आहे.

प्रत्येक वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम वहीत नोंदवावा. चार तारा एकदम हलवल्या, तर यंत्र कदाचित सुरू होईल. पण दोष कोठे होता हे कळणार नाही, आणि प्रदर्शनात परीक्षकांसमोर तो पुन्हा उद्भवल्यास पहिल्यापासून शोध घ्यावा लागेल.